खोल डायव्हिंग: 55 मीटरला साधी हवा की हेलियम?

निळाई

मंडळी, मस्कतहून लिहितेय. नऊ वर्षं डायव्हिंग करतेय, तीनशेच्या वर डाइव्ह झाल्यात, पण सगळ्या 40 मीटरच्या आतल्या. जानेवारीत इजिप्तला, दहाबला जायचं ठरतंय. तिथल्या ब्लू होलमध्ये साधारण 55 मीटरवर एक कमान आहे, तिच्यातून बाहेर उघड्या तांबड्या समुद्रात निघता येतं. फोटो पाहिल्यापासून ती कमान डोक्यात बसलीय.

दोन प्रशिक्षकांशी बोलणं झालं. पहिला म्हणतो, डबल टाकीत साधी हवा भरून टप्प्याटप्प्याने 55 पर्यंत नेतो, वर येताना डेकोसाठी (अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून मध्ये थांबतात ते) 50 टक्के ऑक्सिजनची बाटली. दुसरा म्हणतो, 30 च्या खाली मी हेलियमशिवाय कुणालाच नेत नाही. आधी 45 मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स कोर्स कर, कमान पुढच्या वर्षी बघू. हेलियमचं बिल कोर्सच्या फीइतकं होतंय.

पहिल्याचं म्हणणं असं की, हवेवर खोल जायला शिकलीस तर खोलवर नायट्रोजनमुळे येणारी नशा ओळखायला शिकशील. दुसरा म्हणतो, नशा ओळखायचं शिकता येतच नाही. मी दोघांचंही ऐकून गोंधळलेय. इथे बरेच अनुभवी आहेत. खरं काय ते सांगा.

शेवाळ

ताई, आम्हा काठावरच्यांसाठी दोन ओळीत सांगाल का, हवा, नायट्रॉक्स, ट्रायमिक्स म्हणजे काय? टाकीत ऑक्सिजनच असतो ना?

गणितवेडा

शेवाळ, पेपरवाले दर वेळी ‘ऑक्सिजनची टाकी’ लिहितात, त्यामुळे हा समज घट्ट बसलाय. टाकीत बहुतेक वेळा आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन 6 मीटरच्या खाली गेलात तर फिट येऊ शकते.

पाण्यात दर 10 मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. 55 मीटरवर एकूण 6.5 बार. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणजे तिथे ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.37 बार. काम करताना 1.4 ही मर्यादा मानतात आणि डेकोला निवांत लटकलेले असताना 1.6. म्हणजे 55 ला ऑक्सिजनच्या हिशेबाने हवा जेमतेम बसते. खरी अडचण उरलेल्या 79 टक्क्यांची, नायट्रोजनची. दाबाखाली तो दारूसारखा चढतो.

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. 32 टक्क्यांच्या नायट्रॉक्सची 1.4 ने मर्यादा 34 मीटरच्या अलीकडेच संपते, म्हणून तो उथळ पाण्याचा वायू. ट्रायमिक्समध्ये थोडा ऑक्सिजन आणि बराचसा नायट्रोजन काढून हेलियम घालतात. 18/45 म्हणजे ऑक्सिजन 18, हेलियम 45, उरलेला 37 टक्के नायट्रोजन.

जुना_पाणबुड्या

निळाई, मी वीस वर्षं 50-55 मीटरच्या डाइव्ह हवेवर केल्यात. लाल समुद्रात, फिलिपाइन्समध्ये, अंदमानात. अजून इथे बसून लिहितोय. आमच्या वेळी हेलियम मिळायचंच नाही, आणि आजही भारतात मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्याला ते सहज मिळतं असं नाही. मग काय घरी बसायचं?

हवेवर खोल जाणं हे कसब आहे. हळू उतरायचं, श्वास लांब ठेवायचा, हालचाल कमी. ज्याला सवय होते त्याला चढत नाही. 1990 साली ब्रेट गिलियम हा अमेरिकन डायव्हर हवेवर 138 मीटर जाऊन आला आणि शुद्धीत परतला. आजकालच्या शाळांनी हेलियमचं खूळ करून ठेवलंय, त्यात धंद्याचाही भाग आहे. तुझा पहिला प्रशिक्षक बरोबर आहे.

भूलवाली_डॉक्टर

काका, आदर राखून असहमत. भूलतज्ज्ञ आहे, सातारला प्रॅक्टिस करते, डायव्हिंगही करते.

नायट्रोजनची नशा आणि मी रोज देते ती भूल, यांचं नातं जवळचं. वायू चरबीत जितका जास्त विरघळतो तितका तो मेंदूवर जास्त काम करतो, हा ढोबळ नियम. हेलियम चरबीत फारच कमी विरघळतो, म्हणून त्याची नशा येत नाही.

आता ‘सवय होते’ बद्दल. वारंवार खोल गेलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असं वाटायला लागतं, हे खरं. पण त्याचा प्रतिक्रियेचा वेग मोजला तर तो तितकाच मंद सापडतो. भूल किती चढलीय हे मी रुग्णाला विचारून ठरवत नाही. ज्या अवयवाने उत्तर द्यायचं त्याच्यावरच औषध चाललेलं असतं.

आणि 138 मीटरवर ऑक्सिजनचा आंशिक दाब 3.1 होतो. एक माणूस त्यातून परत आला म्हणून ती वाट सुरक्षित ठरत नाही. 1947 मध्ये फ्रेंच समुद्र-संशोधक कुस्तोंच्या चमूतला मॉरिस फार्ग हवेवरच उतरला होता. दोरावर ठराविक खोलीवर पाट्या बांधल्या होत्या, पोचलास की सही करायची. त्याला वर ओढलं तेव्हा तो गेलेला होता. सगळ्यात खालच्या, 120 मीटरच्या पाटीवर त्याची सही सापडली. म्हणजे सही करण्याइतका तो खाली ‘ठीक’ होता.

कोंढाणा

डॉक्टर, ती सही वाचून अंगावर काटा आला.

माझा अनुभव लिहितो. 42 मीटर, हवा, स्वच्छ पाणी, थंडीही नाही. प्रशिक्षकाने स्लेटवर 17 + 8 लिहून पुढे केलं. मी पेन्सिल घेतली, नीट विचार केला आणि खाली लिहिलं, ‘हो’. पुन्हा दाखवलं, पुन्हा ‘हो’. मला मनापासून वाटत होतं की गणित सुटलं. वर आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो की मला काही झालं नाही, डाइव्ह एक नंबर झाली. मग त्याने स्लेट काढून दाखवली. अक्षर माझंच होतं.

त्याच डाइव्हमध्ये मी प्रेशर गेज तीनदा बघितलं. व्हिडिओत दिसतंय. तिन्ही वेळा बघून हात खाली केला, आणि वर आल्यावर मला एकही आकडा आठवत नव्हता. निळाई, पहिला प्रशिक्षक ‘नशा ओळखायला शिकशील’ म्हणतो ना, त्यावर माझं उत्तर ती स्लेट आहे. मी ती जपून ठेवलीय.

जुना_पाणबुड्या

कोंढाणा, पहिल्यांदा 42 ला गेलास तर असं होणारच. पन्नासाव्यांदा जा आणि मग सांग. तरी स्लेटचा किस्सा प्रामाणिक आहे, दाद देतो.

घंटेतला_माणूस

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी अकरा वर्षं मुंबई हायच्या तेलक्षेत्रात सॅच्युरेशन डायव्हर होतो, म्हणजे दिवसचे दिवस दाबाच्या चेंबरमध्येच राहून खाली काम करणारा. तिथे पाणी साधारण 75 मीटर. आम्ही श्वासात हेलिऑक्स घ्यायचो, म्हणजे हेलियम आणि ऑक्सिजन, नायट्रोजनचं नावच नाही.

जुने पाणबुडे साहेब, हे नीट वाचा. तेलक्षेत्रात जगभर पाळले जाणारे जे नियम आहेत, त्यात वरून नळीने हवा पुरवून केलेल्या डायव्हिंगची मर्यादा 50 मीटर. ह्या डायव्हरला वरून हवा अखंड येते, टाकी संपायची भीती नाही. कानात सुपरवायझरचा आवाज असतो. डेकवर प्रेशर चेंबर तयार, दुसरा डायव्हर सूट घालून बसलेला. एवढं सगळं असूनही 50 च्या खाली हवा बंद, मिश्र वायू आणि बेल (डायव्हरला खाली नेणारी बंद घंटा) चालू. तुम्ही पाठीवर दोन टाक्या घेऊन, बोलायची सोय नसताना, जवळ चेंबर नसताना 55 ला जाताय. पैसे वाचवायला टपलेल्या धंद्यानेसुद्धा जी रेषा आखली, ती तुम्ही हौसेसाठी ओलांडताय.

हेलियमचे तोटेही आहेत, तेही सांगतो. आवाज बदकासारखा होतो, वर यंत्र लावून तो सरळ करून ऐकावा लागतो. चेंबरमध्ये जेवणाची चव लागत नाही, आईने दिलेला ठेचा तोंडी लावायचो तेव्हा कुठे काहीतरी लागायचं. आणि थंडी! हेलियम हवेच्या जवळपास सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. आमच्या सूटमध्ये वरून गरम पाणी सोडलेलं असायचं. ते दोन मिनिटं बंद पडलं तर दात वाजायला लागायचे. काम संपल्यावर त्या खोलीवरून दाब उतरवायला तीन-साडेतीन दिवस लागतात. कितीही घाई असली तरी.

शेवाळ

तीन दिवस डब्यात बसून! दादा, सलाम.

मालवणी_तांडेल

अरे बाबांनू, ह्यां सगळां वाचून माझां डोक्यां फिरलां. आमच्या मालवणात पर्यटक 6-8 मीटरात माशे बघतत नि खूश होऊन जातत.

पण एक गोष्ट सांगतो, सगळ्यांनी ऐकावी म्हणून साध्या भाषेत. हवा की हेलियम हे नंतर. टाकीत जी हवा भरली ती कुठली, हे आधी विचारा. दोन वर्षांमागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) कंप्रेसरचं तोंड आणि त्याच्याच इंजिनाचा धूर एकाच बाजूला होता. वारा फिरला आणि धूर आत. आमच्या पोराने 7 मीटरात डाइव्ह केली, वर आला तो डोकं धरून, ओकायला लागला. नशीब, उथळ होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या दिवसापासून मी कंप्रेसर चालू करायच्या आधी फडकं हातात धरून वारा बघतो आणि हवा घ्यायचा पाइप वरच्या अंगाला उंच बांधतो. फिल्टर किती तास चालला ते वहीत लिहितो. कुणी वही मागितली तर दाखवतो. आजपर्यंत दोघांनीच मागितली.

निळाई

तांडेलदादा, हे कधीच विचारलं नव्हतं. आता विचारणार. दहाबला पहिल्याच दिवशी फिल्टरची वही मागते.

घंटेतले दादा, 50 मीटरची मर्यादा मला माहीतच नव्हती. पण पहिला प्रशिक्षक म्हणतो की 55 ला ऑक्सिजन 1.37, म्हणजे मर्यादेत, आणि नशा सोसता येते. नशेशिवाय आणखी काही कारण आहे का हवा टाळायचं?

गणितवेडा

आहे, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. वायूची घनता.

दाब वाढला की वायू दाट होतो. 2016 मध्ये गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल या संशोधकांनी चाचण्यांच्या आधारे सांगितलं की श्वासातल्या वायूची घनता लिटरला 5.2 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 6.2 च्या पुढे जाऊच नये. 6.2 च्या पुढे व्यायाम करताना डायव्हरच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठण्याचं प्रमाण एकदम वाढलेलं दिसलं. हवा 5.2 ला पोचते 31 मीटरवर, 6.2 ला 39 मीटरवर. 55 मीटरला ती 8 च्या वर जाते. तिथेच 18/45 वापरलं तर हिशेब बरोबर 5.2 च्या आसपास येतो.

म्हणजे 40 मीटरची जुनी मनोरंजनाची मर्यादा आणि ही घनतेची रेषा जवळजवळ एकाच जागी येतात.

भूलवाली_डॉक्टर

गणितवेडा यांनी नेमकं बोट ठेवलं. मी कार्बन डायऑक्साइडबद्दल लिहिणारच होते.

दाट वायू आत-बाहेर करायला छातीचे स्नायू थकतात. श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याने धाप वाढते. मग माणूस जोरात श्वास घेतो, आणखी थकतो. वरून कार्बन डायऑक्साइड स्वतः नशा आणतो, नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त, आणि ऑक्सिजनच्या फिटचा धोकाही वाढवतो. जमिनीवर धाप लागली तर आपण थांबतो, बसतो. तिथे थांबूनही सुटका होत नाही, कारण थांबल्यावरही तोच दाट वायू ओढायचा असतो.

2005 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत डेव्हिड शॉ या डायव्हरचा मृत्यू झाला. 1994 मध्ये तिथे बुडालेल्या डिऑन ड्रेयर या तरुणाचा देह काढायला ते 270 मीटरवर उतरले होते. रीब्रीदर (सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं यंत्र) होता, वायूत हेलियम होतं. देह वेगळा करण्याच्या श्रमात धाप वाढली, आणि त्यातून ते सावरले नाहीत. खूप खोलची गोष्ट आहे, पण यंत्रणा हीच. हेलियम असूनही त्या खोलीवर श्वास पुरला नाही. साध्या हवेचं 55 ला काय होईल, याचा अंदाज करा.

जुना_पाणबुड्या

हे घनतेचं मी वाचलं नव्हतं. माझ्या आठवणीत एक डाइव्ह आहे. 54 मीटर, प्रवाह होता, दोन-तीन मिनिटं जोर लावून पोहावं लागलं. रेग्युलेटरमधून हवा कमी येतेय असं वाटलं. वर आल्यावर मी रेग्युलेटर दुरुस्तीला दिला. मेकॅनिक म्हणाला, काही बिघाड नाही. मी त्याच्यावर चिडलो होतो.

आज तो बिचारा आठवला.

सुपारी

विषयांतर करतो, पण हेलियम म्हटलं की विजयदुर्ग आलाच पाहिजे! 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावरून लागला. ग्रहण बघायचे म्हणतात ते ‘साहेबाचे कट्टे’ आजही आहेत, दरवर्षी 18 ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. खोल समुद्रातल्या माणसाला वाचवणारा वायू कोकणात सापडला, याचा अभिमान वाटतो.

गणितवेडा

सुपारी, कट्टे मीही पाहिलेत, जागा सुंदर आहे. पण इतिहास थोडा वेगळा आहे. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ नवीन मूलद्रव्याची आहे हे सांगितलं नॉर्मन लॉकियर यांनी, आणि ते त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला, म्हणून विजयदुर्गाचा संबंध खरा. शोध तिथे लागला असं मात्र म्हणता येत नाही. दिवस साजरा जरूर करावा.

भूलवाली_डॉक्टर

भारताचा याहून जवळचा धागा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. 1939 मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली, 99 माणसं गेली. त्यानंतर हाल्डेन यांनी स्वतः चेंबरमध्ये बसून ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे प्रयोग केले. ऑक्सिजनच्या फिटमध्ये त्यांच्या मणक्याला दुखापत झाली. 1957 मध्ये ते भारतात आले, नागरिकत्व घेतलं, 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन, ज्यांनी 1908 मध्ये डेकोची पहिली कोष्टकं दिली. आपण डेकोला थांबतो ते या घराण्यामुळे.

पाटीलबुवा

सगळं ठीक, पण खर्चाचं काय? हेलियम भारतात आयात होतं. डबल 12 लिटरच्या टाक्या 200 बारला भरल्या तर 4800 लिटर वायू. 18/45 मध्ये त्यातला 2160 लिटर हेलियम. एका डाइव्हचा. आणि सोडलेला प्रत्येक बुडबुडा वर जाऊन गायब. श्रीमंतांनीच खोल जायचं का? नायट्रॉक्सलाही असाच विरोध झाला होता ना?

घंटेतला_माणूस

पाटीलबुवा, नायट्रॉक्सची गोष्ट उलटी आहे. 1991 मध्ये अमेरिकेतल्या डायव्हिंगच्या मोठ्या व्यापार मेळ्यातून नायट्रॉक्सवाल्यांना बाहेर ठेवायचं ठरलं होतं. जादूटोण्याचा वायू म्हणून हिणवायचे त्याला. आज तो प्रत्येक बोटीवर आहे. तेव्हाही जुने लोक हवाच खरी म्हणत होते.

पैशाबद्दल एकच सांगतो. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या समुद्रात, 70 मीटरवरच्या जर्मन पाणबुडीवर ख्रिस राउझ आणि त्यांचा मुलगा ख्रिसी उतरले. दोघं तयारीचे डायव्हर, ट्रायमिक्सचं शिक्षण घेतलेले. त्या खेपेला पैसे कमी म्हणून हवेवर गेले. मुलगा आत अडकला, बापाने सोडवला, डेको न करता दोघं वर आले. दोघंही गेले. ती पाणबुडी, यू-869, अजून तिथेच आहे. हेलियमचे पैसे नसतील तर 30 मीटरवर बघण्यासारखं काही नाही असं थोडंच आहे?

मालवणी_तांडेल

8 मीटरवर पण आसा!

कोंढाणा

तांडेलदादा, तुमच्याकडे मे महिन्यात येतोय, वही बघायला.

पाटीलबुवा, खर्चावर एक वाट म्हणजे रीब्रीदर. सोडलेला श्वास पुन्हा वापरतो, त्यामुळे 3 लिटरच्या छोट्या बाटलीत भागतं. पण ते यंत्र महाग, शिकायला वर्ष जातं, आणि त्याच्या स्वतःच्या चुका जीवघेण्या असतात. हेलियम वाचवायला म्हणून ते घेऊ नये.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघा प्रशिक्षकांना एकच प्रश्न पाठवला: ‘तुमच्या वायूची घनता 55 मीटरला किती?’ पहिल्याने उत्तर दिलं, ‘घनतेचा विचार आम्ही करत नाही, अनुभवाने जातो.’ दुसऱ्याने तक्ता पाठवला.

दुसऱ्याकडे पैसे भरले. जानेवारीत 45 मीटरपर्यंत, 21/35. नशेच्या हिशेबाने ते हवेवर 26 मीटरला असल्यासारखं, ऑक्सिजन 1.16, घनता 5 च्या आसपास. कमान या खेपेला नाही. वरून, 40 मीटरवरून ती दिसते म्हणतात. खाली निळा उजेड येतो तिथून. तेवढं बघून येईन.

जुना_पाणबुड्या

निळाई, बरं केलंस. आम्ही हवेवर गेलो ते सगळे मूर्ख होतो असं मी म्हणणार नाही. जे हातात होतं त्यावर गेलो. पण परवा माझ्या पुतण्याने विचारलं, काका मला 50 ला नेणार का, तर मी त्याला 35 सांगितलं. यापुढे मीही हवेवर 40 ला थांबणार.

डेकोची बाटली कुठली घेणार आहेस?

निळाई

50 टक्के ऑक्सिजन, 21 मीटरपासून वर. काका, लेबल कसं लावू? एकाच बाजूला पुरतं का?

जुना_पाणबुड्या

दोन्ही बाजूंना. आकडा तळहाताएवढा, नुसता ‘21’. वायूचं नाव लहान अक्षरात चालेल, खोली मोठी हवी, कारण खाली वाचणारा जोडीदार असतो, तू नव्हे. भरून आणल्यावर ऑक्सिजन मोजायचा अ‍ॅनालायझर स्वतः लावायचा, टक्के आणि तारीख टेपवर स्वतःच्या अक्षरात. खाली बाटली बदलताना तोंडातला रेग्युलेटर काढायच्या आधी नळी हाताने बाटलीपर्यंत चाचपून बघायची. माझा एक मित्र 40 मीटरवर चुकीच्या बाटलीवर गेला होता. त्याच्याबद्दल परत कधीतरी लिहीन.

निळाई

टेप घेतली. पांढरी, दोन इंची.